सहलवृत्त आणि वेध : खोडद–पुणे येथील विज्ञानसहलीच्या निमित्ताने

१

फेब्रुवारीच्या २७ तारखेस कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळला जातो आणि लगेच दुसऱ्या दिवशी, १९२८ साली रामन यांनी केलेल्या शोधाच्या स्मरणार्थ, राष्ट्रीय विज्ञान दिन येतो. हे दोन दिवस शेजारी असणे हा केवळ पंचांगाचा योगायोग होय. तथापि नाशिकच्या मराठी विभागास या योगायोगाचा उपयोग करून घेता येतो, कारण पुणे–नाशिक रस्त्यावरील नारायणगावापासून थोड्या अंतरावर, खोडद येथे असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे दार विज्ञान दिनानिमित्त सर्वसामान्यांस खुले होते. फेब्रुवारीअखेरच्या अशाच एका सहलीत मराठी आणि पदार्थविज्ञान या दोन्ही विषयांचे पदव्युत्तर विद्यार्थी एकत्र निघाले. सिन्नरचे ‘गारगोटी’ हे खनिजसंग्रहालय, खोडदची दुर्बीण आणि पुण्याचे आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच ‘आयुका’, असा क्रम होता. परतल्यावर प्रत्येकाने एक सहलवृत्त लिहून द्यावे, असे ठरले होते.

ही वृत्ते प्रस्तुत लेखकाने एकामागून एक वाचली. त्यांच्या लेखकांची नावे येथे सांगण्याचे कारण नाही; दोष कोणा एका विद्यार्थ्याचा नव्हे, लेखनप्रकाराचा आहे, आणि तो लेखनप्रकार आपणच शाळेपासून त्यांच्या हाती दिला आहे. प्रवासवर्णनाची समीक्षा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. सहलवृत्ताची मात्र कोणी दखल घेत नाही. ते गुणांसाठी लिहिले जाते, तपासले जाते आणि कपाटात जाते. वास्तविक, मराठी माध्यमातून शिकलेल्या बहुसंख्य तरुणांच्या हातून विज्ञानाविषयी जे काही मराठी लेखन आयुष्यात घडते, ते बहुधा एवढेच असते. ते कसे असते आणि तसे का असते, याचा विचार करणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये.

२

या वृत्तांचा पहिला विशेष त्यांच्या रचनेत आहे. पहाटे बस निघाली, सिन्नर आले, संग्रहालय पाहिले, पुढे संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, दुर्बीण पाहिली, ओझरच्या गणपतीचे दर्शन घेतले, पुणे गाठले, लंबक पाहिला, रात्री परतलो. बस ज्या क्रमाने थांबली त्या क्रमाने परिच्छेद थांबतात. प्रत्येक ठिकाणी काय आहे ते सांगितले जाते, ते भव्य अथवा ज्ञानवर्धक असल्याचा निर्वाळा दिला जातो आणि लेखणी पुढच्या ठिकाणी जाते. एका ठिकाणी जे पाहिले त्याचा दुसऱ्या ठिकाणच्या वस्तूशी काही संबंध असू शकेल, अशी शंकाही बहुतेक वृत्तांतून उमटत नाही.

ही रचना यात्रेची आहे. नाशिकसारख्या क्षेत्रात वाढलेल्या मनास ती परिचित असावी यात नवल नाही. यात्रेत प्रत्येक स्थानाचे माहात्म्य स्वतंत्र असते. रामकुंडाचे पुण्य त्र्यंबकेश्वराच्या पुण्याशी ताडून पाहावयाचे नसते. परंतु येथे यात्रेस दोष देणेही न्याय्य होणार नाही. मराठीत स्थानांची नोंद करण्याची जी जुनी परंपरा आहे ती या वृत्तांपेक्षा पुष्कळ चोख आहे. महानुभावांच्या स्थानपोथीत श्रीचक्रधरांच्या वास्तव्याने पुनीत झालेली स्थाने दिशा सांगून, खुणा सांगून नोंदविली आहेत. मागाहून येणाऱ्यास ते स्थान सापडावे, हा तिचा हेतू. भक्तीने लिहिणाऱ्याने दिशा नेमकी सांगावी आणि विज्ञानाची सहल करणाऱ्याने ‘भव्य’ या विशेषणावर थांबावे, हा उलटा प्रकार आहे.

रचनेच्या या दोषामुळे काय निसटले, त्याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. खोडदला त्या दिवशी आसपासच्या गावांतील माणसेही आली होती. सगळ्या तबकड्या एकाच दिशेस तोंड करून, नकळत म्हणावे इतक्या हळू वळत होत्या. एका वयस्क शेतकऱ्याने आमच्यातील एका विद्यार्थ्यास विचारले, “हे सगळं फिरतंय ते कशाच्या मागं लागलंय, दादा?” विद्यार्थी हसला आणि ताऱ्यांच्या मागे, असे त्याने सांगून टाकले. पुढे ही हकीकत त्याच्या वृत्तात विनोद म्हणून आली आहे. वस्तुतः दोन दिवसांत विचारला गेलेला हा सर्वांत मोलाचा प्रश्न होता. तबकड्या कोणाच्याही मागे लागलेल्या नसतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून तिच्यावर रोवलेली तबकडी आकाशातील एका बिंदूवर स्थिर ठेवावयाची तर ती उलट दिशेने वळवीत राहावे लागते. ताऱ्यांच्या हिशेबाने पाहिले तर तबकडीचे तोंड जागच्या जागी असते. फिरत असतो तो आपण, तो शेतकरी आणि त्याचे शेत.

दुसऱ्या दिवशी आयुकाच्या इमारतीत फूकोचा लंबक होता. लेओं फूको याने १८५१ साली पॅरिसच्या पांथेओंमध्ये ६७ मीटर लांबीच्या तारेस २८ किलोग्रॅमचा गोळा टांगून पृथ्वीचे परिवलन लोकांस डोळ्यांदेखत दाखविले, त्याच प्रयोगाची ही आवृत्ती. लंबकाच्या झोक्याची पातळी हळूहळू वळत जाते. ध्रुवावर ती साधारण एका दिवसात पूर्ण फेरी घेते. विषुववृत्तावर मुळीच वळत नाही. मधल्या ठिकाणी तिचा वेग अक्षांशावर अवलंबून असतो. पुण्याच्या अक्षांशावर एका फेरीस सुमारे ७५ तास लागतात. तोच लंबक नाशिकला टांगला तर सुमारे ७० तास लागतील. म्हणजे एका तासात पातळी पाच अंशांहून किंचित कमी वळते. आमची मंडळी लंबकापाशी दहा मिनिटे थांबली. तेवढ्यात तो एक अंशदेखील वळला नसणार. सर्वांनी लंबक पाहिला, पण ज्यासाठी तो टांगला आहे ते कोणीही पाहिले नाही. आणि तरीही लंबकामुळे पृथ्वी फिरते हे समजले, असे जवळजवळ प्रत्येक वृत्तात लिहिलेले आहे.

खोडदची वळणारी तबकडी आणि पुण्याचा लंबक एकच गोष्ट दोन रीतींनी सांगत होते. एकीकडे यंत्र वळवून पृथ्वीचे फिरणे रद्द केले जाते, तर दुसरीकडे यंत्र मोकळे सोडून ते उघड केले जाते. पहिल्या दिवशी शेतकऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी छतापासून टांगलेले होते. परंतु वृत्ताचा परिच्छेद मुक्कामागणिक बदलत असल्यामुळे प्रश्न एका परिच्छेदात राहिला आणि उत्तर दुसऱ्यात. ज्या कवीच्या जन्मदिनी आम्ही निघालो त्याच्या ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ या कवितेत पृथ्वी स्वतः सूर्याशी बोलते. ती कविता आमच्या विद्यार्थ्यांस मुखोद्गत आहे. पृथ्वीच्या गतीतून भावार्थ काढण्याचे धडे ज्यांनी घेतले, त्यांना ती गती समोर दिसत असता ओळखू येऊ नये, हे मराठीच्या अध्यापकास अंतर्मुख करणारे आहे.

३

दुसरा विशेष भाषेचा. खोडदच्या दुर्बिणीविषयी लिहिताना निम्म्याहून अधिक जणांनी तिला आकाशाकडे लावलेला कान म्हटले आहे आणि ताऱ्यांचे बोलणे, विश्वाचे संगीत, दूरच्या दीर्घिकांची कुजबुज असे त्याचे पल्लव फुटले आहेत. हे रूपक विद्यार्थ्यांचे नव्हे. वृत्तपत्रांतून, भाषणांतून ते रूढ झाले आहे. रूपक रूढ आहे म्हणून त्याज्य ठरत नाही. परंतु ते चुकीच्या दिशेने नेते, हा त्याचा खरा दोष आहे. रेडिओ तरंग म्हणजे ध्वनी नव्हे. ती प्रकाशाचीच जात होय, फक्त तरंगलांबी फार मोठी. घरातील रेडिओतून आवाज निघतो म्हणून रेडिओ आणि कान यांची सांगड आपल्या मनात बसली आहे. ज्यातून ध्वनी जाऊ शकत नाही अशा पोकळीतून हे तरंग लक्षावधी वर्षे प्रवास करून आलेले असतात, ही मूळ विस्मयाची गोष्टच कानाचे रूपक झाकून टाकते.

मग डोळा म्हणावे काय? ‘दुर्बीण’ हा फारसीतून आलेला शब्द दूरचे पाहणारी असाच अर्थ सांगतो. परंतु येथे पाहणेही नेहमीच्या अर्थाचे नाही. खोडदच्या या यंत्रात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये दाटीने आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांस पसरल्या आहेत आणि परस्परांपासूनचे त्यांचे कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. कोणतीही एक तबकडी चित्र देत नाही. दोन-दोन तबकड्यांकडे आलेल्या तरंगांची परस्परांशी तुलना केली जाते. तीस तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. पृथ्वी फिरत जाते तशी आकाशाच्या दृष्टीने प्रत्येक जोडीची लांबी व दिशा बदलते, आणि तासन्‌तास गोळा झालेल्या या तुलनांतून गणिताने चित्र उभे केले जाते. आधीच्या भागात जे परिवलन रद्द करावयाचे म्हणून तबकड्या वळत होत्या, तेच परिवलन येथे कामास येते.

मराठीच्या विद्यार्थ्यास ही पद्धत अपरिचित वाटण्याचे कारण नाही. एखाद्या प्राचीन ग्रंथाच्या अनेक पोथ्या समोर असतात; एकही निर्दोष नसते; दोन-दोन पोथ्या ताडून, कोठे जुळते आणि कोठे जुळत नाही ते पाहून संपादक मूळ पाठाकडे जातो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले ते याच जातीचे काम होते. जोड्यांमधील काही अंतरे रिकामी राहिली तर खगोलशास्त्रज्ञासही तेथे अनुमान करावे लागते, आणि ते अनुमान होय हे विसरून चालत नाही, जसे गळालेल्या अक्षराच्या जागी बसविलेला पाठ मुळातला नव्हे हे संपादक विसरत नाही. साम्य येथेच संपते हेही सांगितले पाहिजे. पोथ्यांच्या मागे एक ग्रंथकर्ता असतो, ताऱ्याच्या मागे नसतो. शिवाय दुर्बिणीस तेच निरीक्षण पुन्हा करता येते. परंतु कानापेक्षा हे साम्य अधिक दूरवर टिकते, आणि ते आमच्याच अभ्यासक्रमात पडून होते.

शब्दही पडून होता. आपल्या ज्योतिषपरंपरेत आकाशस्थ गोलांची स्थिती यंत्राने निश्चित करण्यास ‘वेध घेणे’ म्हणतात. वेधशाळा हा शब्द आपण आजही वापरतो, पण पावसाचे भाकीत करणारे कार्यालय एवढाच त्याचा अर्थ मनात उरला आहे. वेध म्हणजे पाहणे नव्हे आणि ऐकणेही नव्हे. दिशा धरून, साधनाने, मोजून जाणणे होय. तबकडी आकाशाचा वेध घेते, या वाक्यात एकही चूक नाही. तीस वृत्तांच्या पसाऱ्यात तो शब्द एकदाही या अर्थाने आला नाही.

याच्या उलट एक समाधानाची गोष्ट नोंदविली पाहिजे. सिन्नरच्या संग्रहालयाविषयीचे लेखन तुलनेने सरस उतरले आहे, आणि त्याचे कारण भाषेत आहे. दख्खनच्या लाव्ह्याचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजले. त्यात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून पाणी झिरपून झिओलाइट आणि स्फटिकांची इतर कुळे वाढली. खाणीत वा विहीर खणताना कातळ फुटला की आतून ती दिसतात. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी विहिरी आहेत. त्यांना सुरुंग, कातळ, मांजऱ्या दगड, गारगोटी हे शब्द ठाऊक आहेत. काचेच्या पेटीतील शुभ्र स्फटिक पाहून एका विद्यार्थिनीने आपल्या आजोबांच्या विहिरीतून निघालेल्या आणि बांधावर फेकून दिलेल्या ‘काचदगडां’ची आठवण लिहिली आहे, पांडवलेणी ज्या खडकात कोरली तोच हा खडक, असे तिने पुढे जोडले आहे. या सबंध संचात एका स्थळावरून दुसऱ्या स्थळाकडे विचार नेणारा हा एकच परिच्छेद. विशेषणे त्यात जवळजवळ नाहीत. जेथे वस्तूचे घरगुती नाव लेखकाजवळ होते तेथे त्याला भव्यतेचा आधार घ्यावा लागला नाही, एवढे यावरून म्हणता येईल.

४

तिसरी गोष्ट या वृत्तांत नाहीच, आणि तिचे नसणे सर्वांत गंभीर आहे. माणसे नाहीत; आणि माणसांना काय सोसावे लागते ते नाही.

गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांचे नाव सर्वांनी दिले आहे. पण उटीच्या डोंगरउतारावर, त्या उताराचा कल तेथील अक्षांशाइतका आहे हे हेरून, ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारणाऱ्या याच माणसाने खोडदला भरीव पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी दोऱ्यांसारख्या तारांवर ताणून बसविली, वारा आरपार जाऊ दिला आणि त्यामुळे सांगाडा हलका व स्वस्त झाला, ही युक्ती कोणी सांगितली नाही. जाळीची छिद्रे तरंगलांबीच्या मानाने फार लहान असल्यामुळे त्या तरंगांस ती भिंतीसारखीच असते. ज्या देशाजवळ पैसा थोडा होता त्याने बुद्धी कशी चालविली, याची ही कथा आहे. आमच्या वृत्तांत तबकड्यांची संख्या आहे, काटकसर नाही.

आणि खोडदच का? मानवनिर्मित रेडिओ गोंगाट तेथे कमी होता, भोवती डोंगरांचा आडोसा होता, पुणे जवळ होते. ही शांतता आपोआप टिकत नाही. दुर्बिणीच्या परिसरात आपणा सर्वांस भ्रमणध्वनी बंद ठेवावे लागले. त्याची गंमत अनेकांनी लिहिली. परंतु ज्या रस्त्याने बस गेली त्याच पट्ट्यातून पुणे–नाशिक द्रुतगती रेल्वेचा मार्ग आखला गेला होता, आणि दुर्बिणीच्या निरीक्षणांस बाधा येईल या कारणास्तव रेल्वे मंत्रालयाने ती आखणी बदलण्याचा निर्णय घेतला, हे नाशिकच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असूनही एकाच्याही लेखणीतून उतरले नाही. संगमनेर, नारायणगाव, मंचर या भागांतील लोक आपल्या गावावरून गाडी जावी म्हणून आग्रह धरीत आले आहेत. टोमॅटो आणि कांदा पिकविणाऱ्यास रेल्वे म्हणजे काय, हे त्यास कोणी समजावून देण्याची गरज नाही. तबकड्या कशाच्या मागे लागल्या आहेत, असे विचारणाऱ्या त्या शेतकऱ्याच्या प्रश्नात याही हिशेबाची छाया नसेल, असे कोणी सांगावे?

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही नेमके मांडले पाहिजे. २०२३ च्या जूनमध्ये जगातील निरनिराळ्या गटांनी स्पंदक ताऱ्यांच्या नियमित ठोक्यांतील सूक्ष्म फरकांवरून विश्वभर पसरलेल्या मंद गुरुत्वतरंगांचा पुरावा जाहीर केला. त्यांपैकी युरोपीय गटाच्या विश्लेषणात खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणे समाविष्ट होती. इतका क्षीण संकेत विजेच्या ठिणग्यांच्या गोंगाटात हाती लागणे दुरापास्त आहे. म्हणजे एका बाजूस प्रत्यक्ष गरज आहे आणि दुसऱ्या बाजूस पुन्हा सहजी न उभारता येणारे ज्ञानसाधन. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर दुर्बीण राखावी. परंतु तिच्या शांततेची किंमत कोण देतो ते ज्यास सांगता येत नाही, त्यास हे मत उच्चारण्याचा अधिकार नाही. विज्ञानाचे कौतुक करणारे आणि हा हिशेब गाळणारे लेखन शेवटी विज्ञानाचेही हित करीत नाही. ज्याच्या गावावरून गाडी गेली नाही त्याला ते लेखन आपले वाटणार नाही आणि तबकडी मात्र परकी वाटत राहील.

येथे ‘माझा प्रवास’ची आठवण होते. वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेस गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. इतिहास लिहावा हा त्यांचा संकल्प नव्हता. तरीही आपल्या भयाची, भुकेची आणि भोवतालच्या माणसांच्या हालांची नोंद त्यांनी टाळली नाही, म्हणून १९०७ साली प्रसिद्ध झालेले ते पुस्तक आजही वाचले जाते. साध्या भिक्षुकाच्या लेखणीस जे सुचले ते पदव्युत्तर विद्यार्थ्यास सुचू नये असे नाही; त्याला तसे लिहिण्याची मुभा आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

५

यावर कोणी म्हणेल की मराठीच्या विद्यार्थ्यांकडून पदार्थविज्ञानाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आक्षेप विचारार्ह आहे, पण तो टिकत नाही. वर दाखविलेल्या उणिवांपैकी एकही पदार्थविज्ञानाची नाही. दोन निरीक्षणे जोडून पाहणे, रूपकाची परीक्षा करणे, शब्दाचा पूर्वार्थ जाणणे, कथनातून कोण वगळले गेले ते शोधणे ही तर आमच्याच विषयाची कामे होत. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांची वृत्ते आकड्यांत अचूक होती, तथापि रचनेत आणि मौनात तीही अगदी आमच्यासारखीच निघाली.

विज्ञान आणि मराठी ललितलेखन यांची फारकत अटळ आहे, असेही नाही. आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी टोपणनावाने कथा पाठविली आणि तेथून त्यांचे मराठी कथालेखन सुरू झाले. नाशिकला डिसेंबर २०२१ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांजकडेच होते. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. आयुकाच्या आवारात मुलांसाठी जी विज्ञानशोधिका आहे तिच्या वास्तूचे नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतील एका ताऱ्याचे हे नाव पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाने दिलेल्या देणगीचेही स्मरण करून देते. आमची मंडळी त्या पाटीखाली उभी राहून छायाचित्र काढून आली. नावातील श्लेष कोणी लिहिला नाही.

तेव्हा पुढील सहलीपुरती एक लहानशी सूचना करून हे टिपण आवरतो. वृत्त ठिकाणागणिक मागू नये. निघण्यापूर्वी प्रत्येकाने एक प्रश्न निवडावा आणि सर्व ठिकाणे त्या एका प्रश्नापुरती पाहावीत. पाहण्याची ठिकाणे त्यासाठी कमी करावी लागली तरी चालेल. लंबकापाशी दहा मिनिटांऐवजी दोन तास बसावे; जमिनीवर खडूची रेघ ओढून ठेवावी आणि झोका तिच्यापासून किती सरकला ते मोजावे. वेळ उरला तर खोडदच्या फाटकाबाहेर, ज्यांची शेते त्या तबकड्यांना लागून आहेत त्यांच्याशी बोलावे. त्यांच्यापैकी कोणी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर या खेपेस न हसता, साध्या मराठीत, त्याचे उत्तर देता आले पाहिजे.